लपविलेली चादर

मीरारोड आणि भाईंदर या दोन स्थानकांच्या भोंवतीं, पूर्वीं मिठागरें आणि कोळीवाडे होते त्या पट्ट्यांत, गेल्या तीसचाळीस वर्षांत एक मोठें नगर उभें राहिलें आहे. २००२ सालीं तेथें स्वतंत्र महानगरपालिका झाली, आणि २०११ सालच्या जनगणनेंत तेथील वस्ती आठ लाखांवर भरली. गिरगांव, दादर, पार्ले येथील जुनीं बिऱ्हाडें जागेच्या टंचाईनें इकडे सरकलीं. या नगरांत पहाटे साडेचारलाच दिवे लागतात. कोणाला चर्चगेटची गाडी गांठावयाची असते, कोणाचा डबा व्हावयाचा असतो, तर कोणाच्या नळाला त्याच वेळीं पाणी येतें.

अशा एखाद्या चौथ्या मजल्यावरील दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत एक सून डोळ्यांपुढें आणावी. वय सव्वीस, लग्नाला दीड वर्ष झालेलें, शिक्षण पदवीपर्यंत, नोकरी अंधेरीस. घरांतील इतर मंडळी उठण्यापूर्वीं ती न्हाणीघराचें दार लावून घेते आणि नळाच्या धारेखालीं चादरीचा एक कोपरा साबणानें घासूं लागते. डाग रुपयाएवढाच असतो; पण तो घालविण्याची तिची घाई मात्र एखादा अपराध लपविणाऱ्याची असते. पाळी येऊन बारा दिवस झालेले. रात्रीं पतीच्या सहवासानंतर पुन्हां रक्त दिसलें. गेल्या तीन महिन्यांतील ही चौथी वेळ.

तिनें हें कोणाला सांगावें? आईला फोनवर सांगितलें तर आई म्हणेल, ‘‘उष्णता झाली असेल, सब्जाचं पाणी घे.’’ पतीला सांगितलें तर आपण हिला इजा केली या विचारानें तो ओशाळेल. सासूबाईंपुढें तर शब्दच फुटावयाचा नाहीं. म्हणून ती कोणालाच सांगत नाहीं, आणि न सांगितलेल्या गोष्टीची भीति रोज वाढत जाते. कधीं तिला वाटतें, हा कर्करोग असावा. कधीं वाटतें, आपल्याला मूल व्हावयाचें नाहीं. आणि कधीं वाटतें, आपलें कांहींतरी चुकलें म्हणून ही शिक्षा.

ही सून कल्पनेंतील आहे. परंतु असें दार लावून घेणाऱ्या स्त्रिया घरोघरीं आहेत. त्यांच्यासाठीं आणि त्यांच्या घरच्यांसाठीं हे चार शब्द आहेत. सांगावयाचें तें थोडेंच आहे. समागमाच्या वेळीं किंवा नंतर वारंवार रक्त दिसणें ही शरीरानें केलेली एक खूण आहे. तिचा अर्थ तरुण वयांत बहुधा साधा असतो; क्वचित् तो गंभीरही असतो. साधा कीं गंभीर, हें घरीं बसून तर्कानें ठरत नाहीं. तें पाहूनच कळतें, आणि पाहणें अवघड नाहीं.

पहिल्या रात्रीचें रक्त

प्रथम एक जुना गैरसमज बाजूस सारला पाहिजे. रक्त आणि समागम हे दोन शब्द आपल्याकडे एकत्र आले, कीं मनांत येते ती पहिली रात्र, आणि त्या रात्रींच्या रक्ताला चिकटलेली शीलाची परीक्षा. योनिमार्गाच्या तोंडाशीं जो पडदा म्हणतात, तो बंद दारासारखा नसतो. ती एक पातळ, लवचीक कडा असते आणि तिच्यांत जन्मतःच वाट असते. कोणाची ही कडा रुंद, कोणाची अरुंद, तर कोणाची नसल्यासारखीच. म्हणून पुष्कळ मुलींना पहिल्या समागमांत रक्त येत नाहीं. कित्येकींना थोडें येतें. यांपैकीं कशावरूनही तिच्या पूर्वायुष्याविषयीं कांहींएक सिद्ध होत नाहीं.

सेवाग्राम येथील महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेंतील न्यायवैद्यकाचे अध्यापक डॉ. इंद्रजित खांडेकर यांनीं हा प्रश्न लावून धरला. आणि २०१९ सालीं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठानें ‘कौमार्याचीं लक्षणें’ हा भाग वैद्यकीय अभ्यासक्रमांतून काढून टाकला. जातपंचायतींत होणारी कौमार्यपरीक्षा हा लैंगिक अत्याचार समजला जाईल, असें राज्य सरकारनेंही त्याच वर्षीं जाहीर केलें. जी गोष्ट विद्यापीठाच्या पुस्तकांतून गेली, ती आपल्या मनांतूनही जावयास हवी.

पहिल्या एकदोन वेळां थोडें रक्त येऊन थांबलें, तर काळजीचें कारण नाहीं. मात्र रक्त थांबेनासें झालें, पॅडवर पॅड भिजूं लागलें, तर आंत चीर पडली आहे असें समजून त्याच रात्रीं रुग्णालय गांठावें. लाजेपायीं सकाळची वाट पाहूं नये.

आपल्या सुनेची गोष्ट याहून निराळी आहे. तिचे पहिले दिवस निर्वेध गेले. रक्त आलें तें पुढें, आणि तें पुन्हां पुन्हां येऊं लागलें.

मौनाची किंमत

ती बोलत नाहीं यांत तिचा एकटीचा दोष नाहीं. हें मौन आपण सर्वांनीं मिळून जोपासलें आहे. प्रा. रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं १९२७ सालीं मुंबईंत ‘समाजस्वास्थ्य’ हें मासिक सुरू केलें, आणि १९५३ सालीं त्यांचें निधन होईपर्यंत तें चालविलें. कामजीवनाविषयीं वाचक जे खासगी प्रश्न विचारीत, त्यांना तेथें शास्त्राला धरून उत्तरें मिळत. अशा उत्तरांबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ सालीं न्यायालयांत त्यांच्या बाजूनें डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. तरी कर्व्यांना दंड झालाच. त्या गोष्टीला नव्वद वर्षें होऊन गेलीं. आतां असें लिहिल्याबद्दल कोणी दंड करीत नाहीं. पण न्हाणीघराचें दार अजून लावलेलेंच आहे.

या मौनाचें मोजमाप महाराष्ट्रांतच झालेलें आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनीं गडचिरोली जिल्ह्यांतील दोन खेड्यांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. तिचे निष्कर्ष १९८९ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाले. शेंकडा ९२ स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता. दर स्त्रीमागें सरासरीनें ३.६ विकार आढळले. आणि त्यांसाठीं पूर्वीं कधीं तपासणी व उपचार झालेल्या स्त्रिया शेंकडा आठच निघाल्या. अंगावरून पांढरें जाणें, पोटांत दुखणें, अवेळीं रक्त दिसणें, हें सारें त्या बायकांनीं बाईच्या जन्माचा भाग म्हणून सोसलें होतें. सुशिक्षित वाचक म्हणेल, ती गडचिरोलीची गोष्ट. पण डाग पहाटे धुवून टाकणारी पदवीधर सून आणि मुकाट्यानें सोसणारी खेड्यांतील स्त्री यांच्यांत या एका बाबतींत फारसें अंतर नाहीं.

रक्त येतें कोठून?

योनिमार्गाच्या आंतल्या टोकाशीं गर्भाशयाचें मुख असतें. तें नाकाच्या शेंड्याइतकें घट्ट, गोल, आणि मध्यें बारीक छिद्र असलेलें असतें. समागमानंतर दिसणारें रक्त पुष्कळदां गर्भाशयाच्या आंतून न येतां या मुखावरून येतें. म्हणून सर्व विचार तेथून सुरू होतो.

तरुण स्त्रियांत नेहमीं आढळणारें कारण असें: मुखाच्या आंतील नळीला जें नाजुक, लालसर अस्तर असतें, तें कित्येकींत बाहेरच्या बाजूवर पसरतें. स्त्रीशरीरांतील इस्ट्रोजेन या संप्रेरकाचा हा स्वाभाविक परिणाम आहे. वयांत येतांना, गरोदरपणीं आणि संततिनियमनाच्या गोळ्या चालू असतांना तें अधिक दिसतें. ओठाच्या आंतल्या बाजूसारखें हें अस्तर पातळ असल्यामुळें घर्षणानें त्यांतून दोनचार थेंब रक्त येतें. डॉक्टर यास एक्ट्रोपियन म्हणतात. हा रोग नाहीं, आणि कर्करोगाची पहिली पायरीही नाहीं. पूर्वीं यास ‘इरोजन’ म्हणजे झीज म्हणत, आणि त्या एका शब्दानें कित्येक घरें घाबरून गेलीं. इतर तपासण्या निर्दोष असतील तर यास सहसा उपचारच लागत नाहीं; त्रास फार होत असेल तर औषध लावून किंवा गोठवून तो भाग बरा करतां येतो.

दुसरें कारण म्हणजे मुखाचा दाह. क्लॅमिडिया, परमा, ट्रायकोमोनास अशा संसर्गांनीं मुख लाल होऊन सुजतें व स्पर्शानें रक्त येतें. कधीं पिंवळसर किंवा दुर्गंधी स्राव जातो. यांवर औषधें आहेत आणि तीं गुणकारी आहेत. मात्र पतिपत्नी दोघांनींही तीं एकाच वेळीं घ्यावयाचीं असतात. येथें एक नाजुक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. क्लॅमिडियासारखा संसर्ग स्त्रींत काय किंवा पुरुषांत काय, कसलेंही लक्षण न दाखवितां महिनोन्‌महिने राहूं शकतो. म्हणून तपासणींत तो निघाला, एवढ्यावरून तो कोणाचा आणि केव्हांचा हें ठरत नाहीं. संशयाच्या भांडणांत उपचार राहून गेले, तर गर्भनलिका बंद होऊन मूल होण्यास अडथळा येण्याचें भय असतें.

तिसरें कारण पॉलिप. मुखांतून देंठासारखी लोंबणारी ही मांसल गांठ बहुधा निरुपद्रवी असते. दवाखान्यांतच थोड्या वेळांत ती काढतां येते. काढल्यावर तपासणीस पाठविली म्हणजे शंका उरत नाहीं.

चौथें कारण शरीराचें कमी आणि संसाराचें अधिक आहे. लहान जागा, पलीकडच्या खोलींत वडील मंडळी, दिवसभराचा लोकलचा शीण, आणि उद्यां पुन्हां पहाटे उठणें. या घाईंत पत्नीच्या मनाची व शरीराची तयारी होण्यापूर्वींच समागम होतो. मार्ग कोरडा राहतो, दुखतें, बारीक चिरा पडतात. बाळ अंगावर पीत असतांना तर हा कोरडेपणा स्वाभाविकच असतो. याला वेळ, विश्वास आणि जरूर तर औषधाच्या दुकानांत मिळणारें पाण्याच्या पायाचें वंगण एवढे उपाय बहुधा पुरतात. दुखत असतां सोसून घेणें हा पत्नीधर्म नव्हे, आणि ‘‘दुखतंय का?’’ असें विचारणें यांत पुरुषाला कमीपणा नाहीं.

याखेरीज संततिनियमनाच्या गोळ्या किंवा तांबी यांमुळें अधूनमधून डाग दिसतात. जननमार्गाचा क्षय आपल्या देशांत अजून आढळतो. कांहीं स्त्रियांचें रक्तच नीट गोठत नाहीं. व्हॉन विलेब्रँड या नांवाचा विकार त्यांपैकीं एक. पहिल्या पाळीपासून फार रक्त जाणें, हिरड्यांतून रक्त येणें, लागल्यास रक्त लवकर न थांबणें, असा पूर्वेतिहास असेल तर तो डॉक्टरांना सांगावा. आणि पाळी चुकलेली असेल तर प्रथम गर्भाची शंका घ्यावी. त्याबरोबर पोटांत एका बाजूस दुखत असेल किंवा चक्कर येत असेल, तर गर्भ नलिकेंत राहिल्याचा संभव असतो. तेथें एक तासही दवडूं नये.

जिचें नांव घेण्याची भीति वाटते ती शंका

आतां कर्करोगाविषयीं. पंचविशीच्या मागेंपुढें गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग विरळा असतो, हें प्रथम लक्षांत घ्यावें. परंतु समागमानंतर रक्त येणें हें त्याचें एक ओळखीचें लक्षण आहे, हेंही खरें. म्हणूनच ही खूण वय पाहून सोडून द्यावयाची नसते. जागतिक अंदाजाप्रमाणें २०२२ या एका वर्षांत भारतांत सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांना हा रोग झाला, आणि सुमारें ८० हजार स्त्रिया त्यानें दगावल्या. त्यांतील पुष्कळ मरणें टाळण्यासारखीं होतीं, असें म्हणतां येतें. कारण हा रोग फार सावकाश वाढतो. ह्यूमन पॅपिलोमा या विषाणूचा संसर्ग बहुतेक स्त्रियांत आपोआप नाहींसा होतो. थोड्यांत तो टिकून राहतो, आणि टिकलेल्या संसर्गापासून कर्करोग होण्यास बहुधा दहापंधरा वर्षें किंवा अधिक काळ लागतो. एवढ्या काळांत कोणी एकदां जरी नीट पाहिलें, तरी रोग होण्याआधींच तो थांबवितां येतो.

याचा पुरावाही मराठी मुलखांतूनच जगापुढें गेला. १९९९ सालीं बार्शीचें नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय, मुंबईचें टाटा स्मारक केंद्र आणि फ्रान्समधील लिऑन येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनीं उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यांत एक मोठा प्रयोग सुरू केला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया त्यांत होत्या. गांवांचे ५२ गट करून कोठें विषाणूची चाचणी, कोठें पॅपची तपासणी, तर कोठें व्हिनिगरमधील आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनीं पाहणें, अशा पद्धति योजिल्या; कांहीं गटांत नेहमींचीच व्यवस्था ठेविली. आठ वर्षांनंतर हिशेब झाला. विषाणूची चाचणी एकदांच झालेल्या सुमारें ३४ हजार स्त्रियांत या रोगानें ३४ मृत्यु झाले; नेहमींच्या व्यवस्थेंतील सुमारें ३१ हजार स्त्रियांत ते ६४ झाले. हा अहवाल २००९ सालीं प्रसिद्ध झाला, आणि गरीब देशांनीं या रोगाशीं कसें लढावें याविषयींच्या जगाच्या विचारांत त्यास मोठें स्थान मिळालें. उस्मानाबादच्या खेड्यांतील ज्या बायका लाज बाजूस ठेवून त्या टेबलावर निजल्या, त्यांचें ऋण जगावर आहे.

ही चाचणी तक्रार नसलेल्या स्त्रियांनींही तिशीनंतर करून घ्यावयाची असते. रक्ताची तक्रार असेल तर मात्र तिशीची वाट पाहूं नये. शिवाय आतां लसही आहे. पुण्याच्या सीरम संस्थेनें केलेल्या ‘सर्वाव्हॅक’ या लसीला २०२२ सालीं मान्यता मिळाली. ९ ते १४ वर्षांच्या मुलामुलींस तिच्या दोन मात्रा व १५ ते २६ वर्षांपर्यंत तीन मात्रा देतात. लस आधींच जडलेला संसर्ग बरा करीत नाहीं. म्हणून ती लहान वयांत देणें उत्तम. आपल्या सुनेच्या बारा वर्षांच्या पुतणीला तिचा सर्वांत अधिक उपयोग आहे.

तपासणींत काय होतें

तपासणीचें भय बहुधा अज्ञानाचें असतें. म्हणून तेथें काय होतें तें सांगणें बरें. प्रथम प्रश्न विचारतात: शेवटची पाळी कधीं, रक्त कधीं व किती, दुखतें का, स्राव जातो का, कोणत्या गोळ्या चालू आहेत. यासाठीं घरींच एका वहींत तारखा टिपून न्याव्यात. अर्धी तपासणी त्या टिपणांतच होते. नंतर लघवीवरून गर्भाची चाचणी करतात. मग बदकाच्या चोचीसारखें स्पेक्युलम नांवाचें उपकरण हळूच आंत बसवून, दिव्याच्या उजेडांत गर्भाशयाचें मुख प्रत्यक्ष पाहतात. कापसाच्या बोळ्यानें स्राव घेतात, आणि मऊ ब्रशानें मुखावरील थोड्या पेशी घेऊन पॅपच्या तपासणीस पाठवितात. अवघडल्यासारखें वाटतें, थोडें टोचतें. पण हें सारें कांहीं मिनिटांचें काम आहे. शंका राहिली तर भिंगांतून मुख मोठें करून पाहतात, त्यास कॉल्पोस्कोपी म्हणतात, आणि जरूर तर कणभर तुकडा काढून तपासतात.

दोन गोष्टी येथें विशेष ध्यानांत ठेवाव्यात. पुष्कळ घरीं सोनोग्राफी करून ‘‘सगळं ठीक आहे’’ म्हणून समाधान मानतात. सोनोग्राफीनें गर्भाशय व अंडकोश दिसतात. मुखाच्या पृष्ठभागावरील लाली, लहान जखम किंवा आरंभींचा बदल तिच्यांत दिसत नाहीं. प्रत्यक्ष पाहण्याची जागा ती घेऊं शकत नाहीं. दुसरें असें, कीं पॅपची तपासणी निर्दोष आली आणि तरीही रक्त येतच राहिलें, तर पुन्हां जाऊन दाखवावें. एका कागदावर प्रश्न मिटवूं नये.

तपासणीच्या वेळीं स्त्री मदतनीस हजर असावी, असें सांगण्याचा प्रत्येकीला अधिकार आहे. दुखलें तर ‘‘थांबा’’ म्हणण्याचाही आहे. डॉक्टरांशीं एकटीनें बोलावयाचें असेल, तर घरच्यांनीं बाहेर बसावें. भाईंदरला पंडित भीमसेन जोशी यांच्या नांवाचें सरकारी रुग्णालय आहे, परळचीं के. ई. एम., वाडिया प्रसूतिगृह आणि १९४१ सालीं उघडलेलें टाटा रुग्णालय हीं लोकलच्या एका फेरीइतक्या अंतरावर आहेत. ज्या गाडीनें रोज नोकरीस जावयाचें, त्याच गाडीनें एक दिवस स्वतःसाठीं गेलें म्हणजे झालें.

डॉक्टरांना दाखवीपर्यंत समागम थांबवावा. आंत जंतुनाशक द्रवानें धुणें, तुरटी किंवा कोणतीही वनस्पति ठेवणें, दुसऱ्या कोणाच्या चिठ्ठीवरील गोळ्या घेणें, हें करूं नये. तासाभरांत पॅड भिजूं लागलें, चक्कर आली, ताप येऊन दुर्गंधी स्राव जाऊं लागला, किंवा गर्भ असतांना रक्त दिसलें, तर मात्र वहींत टिपत न बसतां तडक निघावें.

दुसऱ्या टोकाचा धोका

मौनाचा एक धोका सांगितला. घाबरून केलेल्या घाईचा दुसरा आहे. २०१९ सालीं बीड जिल्ह्यांतील ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रियांची पाहणी सरकारनें नेमलेल्या समितीनें केली. सुमारें ८२ हजार स्त्रियांपैकीं १३ हजारांहून अधिक स्त्रियांचें गर्भाशय काढून टाकलेलें आढळलें. त्यांत कित्येक तरुण होत्या. कोणाला पांढरें जात होतें, कोणाला रक्त जास्त जात होतें. कर्करोगाची भीति घातली गेली, मजुरीचा दिवस बुडण्याची भीति होतीच, आणि जें औषधानें बरें झालें असतें त्यासाठीं अवयव गेला. म्हणून कोणी पहिल्याच भेटींत ‘‘गर्भाशय काढून टाका’’ म्हणूं लागले, तर तुकड्याचा अहवाल मागावा आणि दुसऱ्या तज्ज्ञाचें मत घ्यावें. मुखावरील लालीसाठीं गर्भाशय काढावें लागत नाहीं.

कित्येकदां सर्व तपासण्या होऊनही कारण सांपडत नाहीं, आणि कांहीं महिन्यांत रक्त आपोआप थांबतें. असें उत्तर मनाला अपुरें वाटतें. तरी ‘भय वाटण्यासारखें कांहीं नाहीं, हें पाहून ठरलें आहे’ या वाक्यांत आणि ‘काय असेल कोण जाणे’ या वाक्यांत फार अंतर आहे. पहिल्याच्या आधारावर रात्रीं झोंप लागते. थांबलेलें रक्त पुन्हां सुरू झालें तर पुन्हां दाखवावें, एवढें पथ्य पाळलें म्हणजे पुरे.

आतां आपल्या सुनेकडे परत जाऊं. एके पहाटे तिच्या सासूबाई पाणी भरावयास उठतात आणि न्हाणीघराच्या दाराशीं ओली चादर घेतलेली सून त्यांना दिसते. क्षणभर दोघीही बोलत नाहींत. मग त्या हळूच विचारतात, ‘‘सूनबाई, ही चादर तू इतक्या पहाटे का गं धुतेस?’’ सून रडूं लागते, आणि तुटक तुटक सर्व सांगते. सासूबाई बराच वेळ गप्प राहतात. मग म्हणतात, ‘‘मलाही एकदा असंच होत होतं. आमच्या वेळी हे बोलायचं नसतं, एवढंच आम्हाला शिकवलं होतं. मी कुणाला सांगितलं नाही, आणि मला कुणी विचारलंही नाही. पुढं ते थांबलं, म्हणून मी वाचले. तू मात्र नशिबावर सोडू नकोस. आज रजा टाक. मी येते बरोबर.’’

त्या दिवशीं पतीही अर्ध्या दिवसाची रजा घेऊन रुग्णालयांत येतो आणि बाहेरच्या बाकावर सासूबाईंजवळ बसून राहतो. तपासणींत मुखावरील अस्तर बाहेर पसरल्याचें दिसतें. आठ दिवसांनीं अहवाल येतात, ते निर्दोष निघतात. काळजी करूं नका, रक्त येतच राहिलें तर पुन्हां या, एवढेंच डॉक्टरीणबाई सांगतात. औषधाची चिठ्ठीसुद्धां नसते.

पुढें कधीं एखादा डाग पडलाच, तर ती चादर आतां रीतसर कपड्यांच्या ढिगांत टाकली जाते, आणि दहा वाजतां गॅलरींतल्या दोरीवर उन्हांत वाळते.